निर्लेखित यंत्रे आणि अनाथ चुंबकीय फिती

शासकीय कार्यालयात यंत्राची नस्ती आणि अभिलेखाची नस्ती वेगवेगळ्या शाखांत चालतात, आणि त्या दोन्ही एका टेबलावर एकत्र आल्याचे क्वचितच दिसते. संगणक हा भांडार शाखेचा विषय. तो खरेदी होतो, डेडस्टॉक रजिस्टरात चढतो, दरवर्षी त्याची पुस्तकी किंमत घटते, आणि एक दिवस निर्लेखन समिती बसून त्याला निरुपयोगी ठरवते. पुढे ई-कचऱ्याचे नियम आहेत. २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत संस्थेकडे तो सोपवला की भांडारपाल मोकळा होतो. हा सारा प्रवास नियमबद्ध आहे व त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो त्या संगणकावर लिहिलेल्या चुंबकीय फितींचा, म्हणजे बोलीत ज्यांना टेप म्हणतात त्यांचा. त्या खरेदी झाल्या तेव्हा कागद, रिबन आणि शाईच्या पंगतीत, उपभोग्य वस्तू म्हणून. भांडारातून एकदा बाहेर पडल्या की त्यांची नोंद संपली. अभिलेख कक्षाच्या सूचीत त्या कधी आल्याच नाहीत, कारण अभिलेखपालाच्या नोंदवहीत रकाने असतात ते प्रकरण क्रमांक, बस्ता क्रमांक आणि पृष्ठसंख्येचे. फितीला पृष्ठसंख्या नसते. त्यामुळे हे यंत्र गेल्यावर कोणते अभिलेख कायमचे मुके होतील, हे निर्लेखनाच्या टिपणीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला कुणी सांगत नाही. त्यालाही विचारण्याचे सुचत नाही.

अशा एका कार्यालयातील लोखंडी कपाट मी पाहिले आहे. आत पंजाएवढ्या पाव इंची कार्ट्रिज फिती ओळीने रचलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तीवर निळ्या शाईने 'फुल बॅकअप' आणि तारीख. कशाचे फुल, कोणत्या यंत्राचे, कोणत्या प्रणालीने घेतलेले, यांपैकी एक अक्षर नाही. ज्याने लिहिले त्याला ते ठाऊक होते आणि यंत्र त्याच्या टेबलाशेजारीच होते, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नसावी. तो मनुष्य सेवानिवृत्त झाला, यंत्र निर्लेखित झाले, उरली ती तारीख.

रायपूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण या शहराचे दप्तर फार वेळा हललेले आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी छत्तीसगडच्या कारभाराचे केंद्र रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १९५६ पर्यंत रायपूरचे वरिष्ठ सचिवालय नागपूरला होते, त्यानंतर ते भोपाळला गेले, आणि १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर स्वतःच राजधानी झाले. नव्या राज्यात तेव्हा १६ जिल्हे होते, आज ३३ आहेत. खुद्द जुन्या रायपूर जिल्ह्यातून १९९८ मध्ये धमतरी व महासमुंद, तर २०१२ मध्ये बलौदाबाजार व गरियाबंद वेगळे झाले. त्याच २०१२ साली मंत्रालयही शहरातील डी. के. एस. भवनातून नव्या रायपूरच्या महानदी भवनात गेले. प्रत्येक स्थलांतरात दप्तराला एक चाळणी लागते. कागदी नस्ती त्या चाळणीतून बहुधा तरून जाते. तिच्यावर क्रमांक असतो, विषय असतो, आणि न वाचताही ती महत्त्वाची 'दिसते'. काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याला तो मान मिळत नाही.

यात नागरिकाचे काय अडते, असे कुणी विचारील. छत्तीसगडमध्ये जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजाचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या राष्ट्रपतींच्या आदेशांच्या तारखा आधाराला असतात. त्यासाठी खेड्यातला माणूस तहसिलीच्या व जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात येऊन जुन्या बंदोबस्ताची मिसल शोधतो. इंग्रजी अमलातल्या त्या कागदावर पणजोबाचे नाव सापडले की नातवाला महाविद्यालयात प्रवेश मिळतो. पिवळा पडलेला, कडा झडलेला तो कागद आजही काम करतो. आता याच नातवाच्या नातवाची कल्पना करावी. त्याला विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील एखादी नोंद हवी असेल, आणि ती नोंद आपण मोठ्या कौतुकाने 'संगणकीकृत' करून ठेवलेली असेल, तर त्याला आपण काय देणार आहोत?

यावर संगणक विभागाचे ठरलेले उत्तर असे की, जुनी माहिती नव्या प्रणालीत आणलेली आहे, 'भुइयां'वर खसरा आणि बी-१ घरबसल्या दिसतो, मग जुन्या फिती कशाला हव्यात? हे उत्तर अर्धे बरोबर आहे. चालू प्रणालीत असते ती आजची स्थिती. परंतु महसुली वाद आजच्या स्थितीचा क्वचितच असतो. तो असतो अमुक तारखेला नोंद काय होती याचा. नामांतरण आधी झाले की विक्री, नाव कमी झाले ते आदेशाने की टंकनाच्या चुकीने, हे ठरवायचे तर त्या तारखेचा उतारा हवा. आणि त्या तारखेचे संपूर्ण चित्र जसेच्या तसे साठलेले असते ते बॅकअपच्या फितीवर. ज्याला आपण निव्वळ खबरदारीची प्रत समजून कपाटात टाकले, ती पुराव्याच्या दृष्टीने एकमेव साक्षीदार ठरू शकते.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तत्कालीन मध्य प्रदेशातून मुरैना आणि महाराष्ट्रातून वर्धा हे जिल्हे त्यात होते. पुढे तीस वर्षांनी महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा आणि संगणकावरील सातबारा जुळतो की नाही हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करावे लागले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. माहिती एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना बदलते, हे सत्य महसूल खात्याने तेव्हा मान्य केले. ताडून पाहायला हस्तलिखित प्रत शिल्लक होती म्हणून ते वाचन शक्य झाले. संगणकाच्या एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना जे बदलले, ते ताडायचे तर जुनी फीत वाचावी लागेल.

आता ती वाचायची कशी, याकडे वळतो. येथे थोडा तांत्रिक तपशील अपरिहार्य आहे. पण तो समजून घेतल्याशिवाय प्रशासकाने या विषयावर आदेश काढू नये असे माझे मत आहे.

अर्धा इंच रुंदीची, नऊ मार्गांची फीत १९६४ साली आयबीएमच्या सिस्टम/३६० बरोबर आली आणि पुढे पाव शतक जगभर प्रमाण ठरली. साडेदहा इंचाच्या चक्रावर २,४०० फूट फीत असे. दर इंचाला १,६०० अक्षरे या घनतेने तीवर सुमारे ४० एमबी मजकूर मावतो. आजच्या हिशेबाने ती मोबाइलमधील दहा छायाचित्रे. परंतु ओळीला शंभर अक्षरे धरली तर त्या चार लाख ओळी होतात, म्हणजे एखाद्या तहसिलीचे खसरे त्यात बसावेत. चकती आणि फीत यांच्या रचनेत मूलभूत भेद आहे. चकतीवर सारखे कप्पे असतात, प्रत्येक कप्पा बहुधा ५१२ अक्षरांचा, क्रमांक दिलेला. फितीवर मजकूर लहानमोठ्या खंडांत लिहिला जातो, दोन खंडांमध्ये कोरी जागा सोडलेली असते, आणि एक फाइल संपली की तिथे एक खूण उमटवतात. या कोऱ्या जागा आणि खुणा म्हणजेच फितीची बांधणी. फितीवरील अक्षरे नुसती ओतून चकतीवर एक सलग फाइल केली तर एकही अक्षर न हरवता बांधणी नष्ट होते. बस्त्यातल्या सर्व नस्त्यांच्या दोऱ्या सोडून पाने एकावर एक रचावीत तसा हा प्रकार आहे. पाने पूर्ण आहेत, प्रकरण मात्र एकही उरले नाही!

म्हणून जाणकार लोक फितीची जी प्रतिमा-फाइल बनवतात, तिच्यात प्रत्येक खंडाच्या आधी व नंतर त्याची लांबी लिहितात आणि फाइल संपल्याची खूण म्हणून शून्य लांबीचा खंड ठेवतात. जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या सिमएच या मुक्त प्रणालीने ही पद्धत रूढ केली आहे. हिचा लाभ असा की तीच प्रतिमा पुन्हा कोऱ्या फितीवर उतरवली तर मूळ फितीची हुबेहूब प्रत तयार होते, आणि जुने यंत्र कुठे चालू असेल तर ते ती मूळ समजून वाचते. अशी उलटी वाट आपल्या कार्यालयांना फारशी लागणार नाही. पण प्रत खरी आहे की नाही याची ती उत्तम कसोटी आहे. चकतीच्या प्रतिमेतून परत फीत घडवता येत नसेल तर आपण काहीतरी गाळले आहे, असे खुशाल समजावे.

दुसरी गोष्ट फितीच्या प्रकृतीची. लोहकण फितीला चिकटवून ठेवणारा थर वर्षानुवर्षे हवेतील ओल शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत यंत्रात घातली की कण खरवडून निघतात, वाचकशीर्ष माखते, आणि मजकूर वाचण्याऐवजी पुसला जातो. अशा फिती सुमारे ५० ते ५५ अंशांच्या मंद उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरत्या वाचण्याजोग्या करतात. नंतर त्यांना बहुधा एकदाच नीट वाचता येते. पाव इंची कार्ट्रिजमधला रबरी पट्टा सैल पडतो किंवा तुटतो, आणि यंत्रातले रबरी रूळ डांबरासारखे वितळतात. तेव्हा 'जरा लावून बघू या, काही दिसते का' हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय येथे घातक आहे. रायपूरचा मे महिना आणि पाठोपाठ येणारा जुलै ज्याने अनुभवला आहे त्याला, पंखा बंद असलेल्या खोलीतील पत्र्याच्या कपाटात या फितींचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यांना वीस अंशांच्या आसपासची थंड व कोरडी खोली लागते.

यंत्राअभावी अभिलेख मुका होण्याचा अनुभव श्रीमंत देशांनीही घेतला आहे. अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेची काही माहिती युनिव्हॅक यंत्राच्या विशिष्ट फितींवर होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिचे अभिलेख-मूल्य ठरवू लागले तेव्हा ती यंत्रे अस्तंगत झाली होती. अशी यंत्रे जगात दोनच उरली, एक संग्रहालयात आणि दुसरे जपानात, अशी कथा पुढे बरीच वर्षे फिरत राहिली. खरी हकीकत कमी रंगतदार आणि अधिक बोधप्रद आहे: जनगणना खात्याने चिकाटीने काम करून १९७९ पर्यंत ६४२ पैकी ६४० फिती नव्या माध्यमावर उतरवल्या. अभिलेखागाराने वेळेवर विचारणा केली म्हणून हे साधले. याउलट अपोलो-११ च्या चांद्रमोहिमेच्या मूळ दूरमापन फिती, २००९ च्या नासाच्या निष्कर्षानुसार, फितींची टंचाई असताना पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. उपभोग्य वस्तू म्हणून नोंद असली की तिचे असेच होते, मग देश कोणताही असो.

या सर्वांत मला सर्वाधिक भावते ती चंद्राची छायाचित्रे घेणाऱ्या लूनर ऑर्बिटर यानांच्या फितींची कथा. १९६६-६७ मधल्या या सुमारे १,५०० फिती नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपालांनी टाकू दिल्या नाहीत. एवढेच नव्हे, तर त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची अजस्र यंत्रे निर्लेखित झाली तेव्हा ती मागून घेतली आणि वर्षानुवर्षे आपल्या गॅरेजमध्ये सांभाळली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील एम्स केंद्राच्या आवारातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड उपाहारगृहात ती यंत्रे दुरुस्त झाली आणि चित्रे पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट निघाली. त्या बाईंनी फीत आणि यंत्र यांना एकच अभिलेख मानले. आपल्या निर्लेखन नियमांत नेमकी हीच समजूत नाही.

भारतात एक अडचण अधिक आहे, आणि तिच्याविषयी परदेशी ग्रंथ काही सांगत नाहीत. ती लिपीची. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. त्यानंतर आपल्याकडे हैदराबादच्या ईसीआयएलची, ब्रिटिश आयसीएलची व इतरांची नाना यंत्रे चालली आणि रोमन अक्षरांनाही प्रत्येकाचे क्रमांक वेगळे. तेवढे निदान कोष्टक लावून सुटते. देवनागरीचे तसे नाही. पुण्याच्या सी-डॅकने प्रसारित केलेली जिस्ट प्रणाली, १९९१ चे इस्की हे मानक, आणि पुढे आलेले कृतिदेव, शुषा, शिवाजी असे फाँट यांत मजकूर विखुरलेला आहे. इस्कीत 'क' या अक्षराचा क्रमांक १७९ आहे, आजच्या युनिकोडमध्ये तो २३२५ आहे, आणि छत्तीसगडच्या कार्यालयांत सर्रास वापरल्या गेलेल्या कृतिदेवमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांकच नाही! तेथे 'कमल' हा शब्द संगणकाच्या पोटात 'डी, ई, वाय' अशा तीन रोमन अक्षरांनी साठतो. वर कृतिदेवचा मुखवटा चढवला तरच तो कमल दिसतो. म्हणजे फीत वाचली, प्रतिमा काढली, खंड जुळवले, आणि शेवटी पडद्यावर आले ते निरर्थक रोमन अक्षरांचे कडबोळे. ज्याला फाँटचे नाव ठाऊक नाही तो ही फीत खराब झाली असा शेरा मारून मोकळा होईल.

मराठी माणसाला ही अवस्था नवी नाही. भोसल्यांच्या अमलातील मोडी कागद आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल आजही आहेत. मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. पण मोडी शिकता येते. चांगला विद्यार्थी काही महिन्यांत ती वाचू लागतो, आणि तोवर कागद वाट पाहतो. फीत वाट पाहत नाही.

कायद्याची बाजू पाहू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, याच्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन केलेला अभिलेख पुढे संदर्भासाठी वापरता येईल असा सुलभ राहिला पाहिजे. केवळ वस्तू कपाटात असणे पुरेसे नाही. केंद्र शासनाला लागू असलेल्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३, मध्ये संगणकाने निर्माण केलेले साहित्य हा सार्वजनिक अभिलेखच मानला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, तर नागरिकाला डिस्केट, फ्लॉपी आणि टेपच्या स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क शब्दशः देतो. आता समजा, एखाद्याने त्या लोखंडी कपाटातील नोंदी मागितल्या. जनमाहिती अधिकाऱ्याने काय उत्तर द्यावे? 'अभिलेख उपलब्ध नाही' हे असत्य आहे, कारण तो समोर आहे. 'अभिलेख उपलब्ध आहे' हेही असत्यच, कारण तो कुणाला वाचता येत नाही. फितीची प्रत देऊ म्हटले तर प्रत काढायलाही यंत्र नाही. व्यवहारात पहिले उत्तर दिले जाते आणि अपिलात सहसा टिकते.

माझ्या मते उपाय फार खर्चिक नाहीत, पण क्रम पाळला पाहिजे. वाचक-यंत्राच्या प्रत्येक निर्लेखन प्रस्तावाला अभिलेखपालाचे एक प्रमाणपत्र जोडलेले असावे: या यंत्रावर अवलंबून असलेले कोणतेही माध्यम या कार्यालयात शिल्लक नाही, किंवा असल्यास त्याच्या प्रतिमा काढून झाल्या आहेत. एवढी एक ओळ सक्तीची केली तरी भांडार आणि अभिलेख या दोन शाखा आयुष्यात प्रथमच परस्परांशी बोलतील. वाचनाची यंत्रे प्रत्येक जिल्ह्यात असण्याची आवश्यकता नाही. राज्यात एक सुसज्ज कक्ष पुरेल, आणि छत्तीसगड व मध्य प्रदेश यांनी मिळून एकच केला तर अधिक बरे, कारण २००० पूर्वीचा वारसा सामायिक आहे. त्या कक्षाने आधी केवळ प्रतिमा काढाव्यात, अर्थ लावण्याच्या भानगडीत पडू नये. अर्थ दहा वर्षांनीही लावता येईल. प्रतिमा काढताच तिचे हॅश मूल्य नोंदवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात ते मूल्य लागतेच, तेव्हा आजच नोंदवले तर उद्या न्यायालयात धावपळ नको. प्रतिमेसोबत यंत्र, प्रणाली, फाँट आणि फितीवरील चिकटपट्टीचे छायाचित्र ठेवावे. मूळ फीत प्रतिमा झाल्यावरही फेकू नये.

या प्रतिमा ठेवायच्या कशावर, हाही प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर वाचकांना गमतीचे वाटेल: पुन्हा फितीवरच. २०११ मध्ये जीमेलच्या काही ग्राहकांची टपाले चकत्यांवरून नाहीशी झाली तेव्हा गूगलने ती फितींवरून परत आणली. एलटीओ या प्रचलित फितीच्या नवव्या पिढीत एका कार्ट्रिजवर १८ टेराबाइट मावतात. परंतु खरेदी समितीने एक बाब ध्यानात ठेवावी. सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे आपल्या मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचत असत. आठव्या व नवव्या पिढीची यंत्रे मागील एकच पिढी वाचतात. म्हणजे दर काही वर्षांनी सर्व साठा पुढच्या पिढीवर उतरवण्याची तरतूद अंदाजपत्रकात आवर्ती खर्च म्हणून हवी. एकदाच 'डिजिटायझेशन'चा मोठा प्रकल्प मंजूर करायचा, फीत कापायची, आणि पुढच्या शीर्षाखाली शून्य दाखवायचे, या पद्धतीने दुसरे लोखंडी कपाट तयार होते, एवढेच.

कक्ष, तरतूद आणि नियमातील दुरुस्ती यांना वेळ लागेल. तोवर कार्यालय प्रमुखांना स्वतःच्या अधिकारात एक काम करता येते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी कपाटे उघडून प्रत्येक फीत, कार्ट्रिज आणि फ्लॉपीची यादी करावी, चिकटपट्टीवर जे लिहिले असेल ते जसेच्या तसे उतरवावे, आणि ते कुणाच्या हस्ताक्षरात आहे हे कार्यालयातील जुन्या बाबूंना विचारून त्या निवृत्त कर्मचाऱ्याकडून यंत्राचे व प्रणालीचे नाव लिहून घ्यावे. निवृत्तिवेतन शाखेत त्याचा पत्ता असतो.